न्यायमूर्ती हिदायतुल्ला : एकाच प्रकरणात लिहिलेले दोन हक्क

सदरच्या मंगळवारी बाजाराकडून सिव्हिल लाइन्सला निघालं की थोड्याच वेळात हायकोर्टाची घुमटाची इमारत लागते. सदरमधल्या कितीतरी घरांचा या इमारतीशी कधी ना कधी संबंध आलेला असतो. कुणाची जागेची केस, कुणाची पोटगीची, कुणाची नोकरीची. पण याच इमारतीत मुख्य न्यायमूर्तींच्या खुर्चीवर मोहम्मद हिदायतुल्ला बसत होते, हे आपल्या मुलांना विचारलं तर बहुतेकांना माहीत नसतं. नागपुरातून निघालेला हा माणूस पुढे देशाचा सरन्यायाधीश झाला, काही आठवडे राष्ट्रपतींच्या जागी बसला आणि नंतर उपराष्ट्रपती झाला. ही तिन्ही पदं सांभाळलेला दुसरा कुणी या देशात झालेला नाही.

त्यांची आठवण काढायला आज एक खास कारण आहे. आपल्या घरांत सध्या दोन प्रश्न वरचेवर निघतात. पहिला असा, की आमचा दीन आम्ही कसा पाळायचा हे कोर्ट ठरवणार का? दुसरा असा, की नाव ऐकून फ्लॅट नाकारला, नाव वाचून नोकरीचा अर्ज बाजूला ठेवला, तर दाद कुठे मागायची? पहिल्या प्रश्नात कायद्याने लांब राहावं असं आपल्याला वाटतं. दुसऱ्यात कायद्याने धावून यावं असं वाटतं. हे दोन प्रश्न एकमेकांना कुठे भिडतात, हे हिदायतुल्लांच्या आयुष्याकडे पाहिलं तर नीट कळतं.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी लखनौला झाला. वडील हाफिज मोहम्मद विलायतुल्ला सरकारी नोकरीत होते आणि उर्दूत शायरी करायचे. घरात कुरआन होतं, उर्दू होती आणि शिक्षणाची ओढ होती. शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी शाळेत झालं. १९२२ साली शाळा संपली आणि पुढच्या शिक्षणासाठी ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले. आज त्या कॉलेजाला वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था म्हणतात, पण जुनी माणसं अजून मॉरिस कॉलेजच म्हणतात. १९२६ ला बी.ए. झाल्यावर ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. अल्लामा इक्बाल याच कॉलेजात शिकले होते. बॅरिस्टरीची परीक्षा त्यांनी लंडनच्या लिंकन्स इनमधून दिली, जिथून जिना बॅरिस्टर झाले होते.

१९३० च्या जुलैत ते परत आले आणि नागपूरच्या कोर्टात सनद घेतली. तेव्हा नागपुरात हायकोर्ट नव्हतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं वरचं कोर्ट म्हणजे ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट. हायकोर्ट झालं ते १९३६ साली आणि आजच्या इमारतीचं उद्घाटन १९४० मध्ये झालं. तरुण हिदायतुल्लांनी वकिलीच्या जोडीला शहराचं कामही केलं. नागपूर नगरपालिकेवर ते १९३१ ते १९३३ सदस्य होते, पुढे नागपूर सुधार प्रन्यासावरही होते. १९३५ पासून आठ वर्षं त्यांनी विधी महाविद्यालयात शिकवलं. १९४३ ला प्रांताचे महाधिवक्ता झाले आणि १९४६ ला नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश.

मग १९४७ आलं. त्या वर्षी आपल्या किती घरांत काय झालं, हे वेगळं सांगायला नको. हिदायतुल्लांच्या घरातही तेच झालं. त्यांचे मोठे भाऊ मोहम्मद इक्रामुल्ला पाकिस्तानात गेले आणि त्या नव्या देशाचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. धाकटे हिदायतुल्ला नागपुरातच राहिले आणि आपल्या कोर्टात जाऊन खटले ऐकत राहिले. एका आईबापाची दोन मुलं दोन देशांच्या सेवेत गेली. इथे राहिलेल्यांना अजून राज्यघटना मिळायची होती. ती लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. म्हणजे तोपर्यंतची अडीच वर्षं हा माणूस विश्वासावरच इथे थांबला होता.

१९४८ मध्ये त्यांनी पुष्पा शाह यांच्याशी लग्न केलं. दोघांचे धर्म वेगळे होते. आपल्यातल्या काहींना हे तेव्हाही पटलं नसेल, आजही पटणार नाही. पण त्यांच्या आयुष्यातून ही गोष्ट वगळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. वेगवेगळ्या धर्मांची दोन माणसं एका घरात राहतात तेव्हा कायद्याने दोघांकडे सारखं पाहणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाबाहेरही माहीत होतं.

३ डिसेंबर १९५४ ला ते नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. तेव्हा त्यांचं वय ४८. देशातल्या हायकोर्टांच्या मुख्य न्यायमूर्तींमध्ये ते सर्वांत तरुण होते. ते या पदावर असतानाच नागपुरात एक मोठी घटना घडली. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. दीक्षाभूमी सदरपासून फार लांब नाही. त्या दिवसाचा अर्थ आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. धर्म निवडण्याचं स्वातंत्र्य हाच तिथे समानतेकडे जाण्याचा रस्ता झाला. जन्माने लादलेला कमीपणा झटकायला त्या लोकांनी धर्मस्वातंत्र्याचा हक्क वापरला. धर्माचं स्वातंत्र्य आणि समान हक्क हे नेहमी भांडतातच असं नाही, याचा एवढा मोठा पुरावा नागपूरशिवाय दुसऱ्या शहरात क्वचितच सापडेल.

त्यानंतर अडीच आठवड्यांत राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचं स्वतंत्र हायकोर्ट संपलं आणि तिथे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं. हिदायतुल्ला नव्या मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून जबलपूरला गेले. १ डिसेंबर १९५८ पासून ते सर्वोच्च न्यायालयात होते.

इथून पुढे त्यांच्या कामात आपल्या दोन प्रश्नांची गाठ वारंवार पडते. पण आधी घटनेत काय आहे ते थोडक्यात पाहू. धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क अनुच्छेद २५ देतो. पण हा अनुच्छेद सुरूच होतो तो मर्यादांनी : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या प्रकरणातल्या इतर तरतुदी. या इतर तरतुदींमध्ये कायद्यापुढे समानता येते, धर्म, जात, लिंग यांवरून भेदभावाला मनाई येते आणि अस्पृश्यतेवरची बंदीही येते. म्हणजे दोन्ही हक्क एकाच प्रकरणात, काही पानांच्या अंतरावर आहेत. एक हवा आणि दुसरा नको, असं म्हणायची सोय घटना लिहिणाऱ्यांनी ठेवलेली नाही.

पहिला खटला मुस्लिम घरातला आहे, केरळचा. कथीसा उम्मा या नावाने तो ओळखला जातो. एका नवऱ्याने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोला नोंदणीकृत दस्त करून मालमत्ता हिबा केली. मुलीला वडील नव्हते, आजोबाही नव्हते. दस्त तिच्या आईच्या हातात दिला गेला. पुढे नवरा वारला आणि काही महिन्यांनी ती मुलगीही गेली. दोघांना मूल नव्हतं. मग नवऱ्याच्या भावाने दावा लावला. त्याचं म्हणणं असं, की हिबाला इजाब, कबूल आणि कब्जा लागतो. अज्ञान मुलीच्या वतीने कब्जा घेण्याचा अधिकार आईला नाही. म्हणून हिबा रद्द. हायकोर्टाने ते मान्य केलं होतं.

१९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि तो निकाल हिदायतुल्लांनी लिहिला. शरियत बाजूला ठेवा, असं ते म्हणाले नाहीत. उलट शरियतच्या ग्रंथांत शिरून त्यांनी नियमामागचा हेतू शोधला. देणाऱ्याने खरंच दिलं आहे का, ती वस्तू त्याने आपल्या हातातून सोडली आहे का, हे पाहण्यासाठी कब्जाची अट आहे. नवऱ्याने इथे सगळं मनापासून आणि उघडपणे सोडलं होतं. मुलीला दुसरा वली नसताना आईने दस्त घेतला, म्हणून तिचा हक्क बुडत नाही. आपल्या घरांत आजही हिबाचे आणि वाटणीचे तंटे होतात तेव्हा बहिणीला किंवा सुनेला एखादा नियम दाखवून गप्प बसवलं जातं. धर्माच्या चौकटीतच बाईचा हक्क कसा उभा राहतो, हे या निकालात दिसतं.

दुसरा खटला धर्माच्या दारावरचा आहे, आणि धर्म आपला नाही. अहमदाबादच्या स्वामीनारायण मंदिराच्या सत्संगींनी १९४८ मध्येच दावा लावला होता. मुंबई राज्याने दलितांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा केला होता. सत्संगींचं म्हणणं होतं, की आमचा संप्रदाय हिंदू धर्मापासून वेगळा आहे, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही. समोर मूळदास वैश्य हे दलित कार्यकर्ते होते. खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १४ जानेवारी १९६६ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की मंदिर सगळ्यांना खुलं राहील. निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी लिहिला. त्या पाचांत हिदायतुल्ला होते. दुसऱ्या धर्माच्या मंदिराच्या दारावर एक मुसलमान न्यायाधीश बसला आणि त्याने समानतेच्या बाजूने कौल दिला.

आता इथे थोडं थांबावं लागेल, कारण या निकालाची दुसरी बाजूही आहे. मंदिर उघडण्यासाठी कोर्टाला हिंदू धर्म म्हणजे काय याची चर्चा करावी लागली. एकदा कोर्ट धर्माची व्याख्या करू लागलं की ते कुठे थांबणार? एखादी गोष्ट धर्मासाठी अत्यावश्यक आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवू लागले की अल्पसंख्याकांच्या पोटात गोळा येणारच. २०२२ च्या मार्चमध्ये कर्नाटक हायकोर्टाने हिजाब इस्लामची अत्यावश्यक प्रथा नाही म्हणून निर्णय दिला, तेव्हा शाळा सोडावी लागेल या भीतीने कितीतरी मुली रडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं यावर एकमत झालं नाही. आपली भीती खोटी नाही. फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. मंदिराच्या खटल्यात धर्माचं नाव घेऊन दुसऱ्याला दाराबाहेर ठेवलं जात होतं. हिजाब घालणारी मुलगी कुणालाही बाहेर ठेवत नाही. तिलाच बाहेर ठेवलं जातं. तिच्याजवळ धर्मस्वातंत्र्य आहे आणि समानताही आहे. दोन्ही हक्क तिच्याच बाजूने बोलतात.

उलट दिशेने गेलेला खटला आपल्याच राज्यातला आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जमातीतून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदना साहेबांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला. एकटे असहमत होते ते सरन्यायाधीश सिन्हा. या खंडपीठावर हिदायतुल्ला नव्हते. जमातीला शिस्त राखायचा हक्क मिळाला. पण ज्याला बाहेर काढलं त्याच्या मशिदीचं काय, कब्रस्तानातल्या जागेचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि १९६२ चा तो निकाल पुन्हा तपासण्याचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला गेला. धर्मस्वातंत्र्य कुणाचं, जमातीचं की जमातीतल्या एकट्या माणसाचं? हा प्रश्न जातपंचायतींना लागू होतो तसा आपल्या जमातींनाही लागू होतो.

हिदायतुल्लांचा कल यात कुठे होता, ते त्यांच्या दोन निकालांतून कळतं. १९६६ मध्ये मुंबईचे पत्रकार मिरजकर यांचा खटला नऊ न्यायमूर्तींपुढे आला. हायकोर्टाने एका साक्षीदाराची साक्ष छापू नका असं सांगितलं होतं. आठ जण म्हणाले, न्यायालयाच्या अशा आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही. हिदायतुल्ला एकटे वेगळे राहिले. न्यायाधीशाच्या हातूनही नागरिकाचा हक्क मोडला जाऊ शकतो, असं त्यांनी लिहिलं. पुढच्या वर्षी गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायमूर्ती बसले. मूलभूत हक्क संसदेला घटनादुरुस्ती करूनही काढून घेता येणार नाहीत, असा निकाल सहा विरुद्ध पाच असा लागला. पाच जणांचा एक निकाल होता आणि सहावा, स्वतंत्र निकाल हिदायतुल्लांचा. ते पलीकडे गेले असते तर पारडं फिरलं असतं. पुढे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात ही भूमिका बदलली आणि घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही हा विचार पुढे आला.

ते चुकलेच नाहीत असंही नाही. के. ए. अब्बास यांच्या चित्रपटाच्या खटल्यात त्यांनी १९७० साली चित्रपटांची आधीच तपासणी करण्याला मान्यता दिली, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विचार करणारे आजही त्यावर टीका करतात.

२५ फेब्रुवारी १९६८ ला ते सरन्यायाधीश झाले. या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. पुढच्या वर्षी ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसैन यांचं निधन झालं. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला, तेव्हा २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ हिदायतुल्लांनी राष्ट्रपतिपद सांभाळलं. बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला संमती त्यांच्याच सहीने मिळाली. १६ डिसेंबर १९७० ला ते निवृत्त झाले. त्याच्या आदल्याच दिवशी संस्थानिकांच्या तनख्याचा निकाल त्यांच्या कोर्टाने दिला होता.

त्यांच्या हातून आणखी एक मोठं काम झालं, जे वकिलांना माहीत आहे पण घरांना नाही. मुस्लिम कायद्यावरचं मुल्ला यांचं पुस्तक आपल्या देशातल्या प्रत्येक कोर्टात वापरलं जातं. लिहिणारे दिनशा मुल्ला पारशी होते. १९६८ च्या सोळाव्या आवृत्तीपासून त्याचं संपादन हिदायतुल्लांनी केलं. निकाह, मेहर, तलाक, वारसा, वक्फ यांवर कोर्टात काय वाचलं जाणार, हे कितीतरी वर्षं त्यांच्या हातून गेलं.

१९७९ ला ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले आणि १९८४ पर्यंत त्या पदावर होते. ते पायउतार झाल्यावर सात-आठ महिन्यांनी, २३ एप्रिल १९८५ ला शाहबानो खटल्याचा निकाल आला. त्यात कोर्टाने याच पुस्तकाचा आधार तपासला. तलाकशुदा बाईला इद्दतपुरतीच पोटगी, असं पुस्तकात होतं. पण स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या बाईचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, असं कोर्टाने म्हटलं. मग रस्त्यावर काय झालं, १९८६ चा कायदा कसा आला, हे आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण त्याचा अर्थ असा लावला, की तलाकशुदा बाईच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतच्या मुदतीतच करायची आहे. कुरआनमध्ये तलाकशुदा स्त्रियांना चांगल्या रीतीने देण्याची आज्ञा आहे, हे यात विसरलं गेलं नाही. धर्म आणि समानता यांच्यात वाट निघाली ती अशी, दोन्ही बाजू नीट वाचून. १९६३ मध्ये हिबाच्या खटल्यात हिदायतुल्लांनी हेच केलं होतं.

१८ सप्टेंबर १९९२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. रायपूरला २००३ पासून त्यांच्या नावाचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. सदरच्या अंजुमनमधून कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कुणाला कायदा शिकायचा असेल, तर हे नाव त्यांना सांगायला हवं.

शेवटी त्या फ्लॅटच्या प्रश्नाकडे येऊ. घटनेतला भेदभावाविरुद्धचा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो. दुकानं, हॉटेलं, विहिरी यांसारख्या जागांसाठी तो खासगी माणसांनाही लागू आहे. पण घरमालकाने किंवा खासगी कंपनीने धर्मावरून नाकारलं, तर सरसकट दाद देणारा एक केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला परवानगी दिली. एका छोट्या अल्पसंख्याक समाजाला त्यातून दिलासा मिळाला. पण उद्या एखाद्या मोठ्या सोसायटीने हेच कारण सांगून दार लावलं, तर बाहेर कोण उभं असेल?

उद्या आपण भेदभावाविरुद्धचा कायदा मागायला गेलो, तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल : तुमच्या जमातीच्या, मशिदीच्या, घराच्या दाराशी कुणी अडलेलं तर नाही ना? बहिणीचा वारसा तिला मिळाला का? बहिष्कृत केलेल्या माणसाच्या जनाजाला कब्रस्तानात जागा मिळते का? या प्रश्नांना आपल्याकडे चांगलं उत्तर असेल, तर हिजाबसाठी आणि घरासाठी आपण मागतो तो न्याय मागताना आपला आवाज कापणार नाही. नागपूरच्या कोर्टातून निघालेल्या त्या न्यायाधीशाने दोन्ही हक्क एकाच प्रकरणात वाचले. ते तसेच वाचायला आपण घरातूनच सुरुवात करू शकतो.